दोन पाण्यांचा सांधा

गेल्या कार्तिकात, शुद्ध षष्ठीच्या सकाळी, भाट्याच्या खाडीवर गरी टाकून बसलो असता शेजारी बसलेली माझी तेरा वर्षांची नात एकाएकी म्हणाली, “आबा, दोरी चाललीय तुमची.” दोरी खरोखरच चालली होती. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून ती हात-दीड हात सरकून गेली होती, आणि ज्या बोटाच्या पेराने चाळीस वर्षे कुर्लीचे कुरतडणे, शिंगाळ्याची ओढ आणि तांबोशाचा तो एकच, दार ठोठावल्यासारखा ठोका यांतला भेद काळोखातसुद्धा निःशंकपणे सांगितला, त्या पेराला त्याची वार्ताही नव्हती. ओढून पाहिले तो गळ रिकामा. डॉक्टरांच्या मते ही मधुमेहाने आलेली बधिरता आहे व ती आता जायची नाही. गरवणाऱ्या माणसाला डोळे फारसे लागत नाहीत, कान तर जवळजवळ लागतच नाहीत. त्याची सारी विद्या त्या एका पेरात साठवलेली असते, आणि ते पेर निकामी झाल्यावर आपण आजवर नेमके काय जाणत होतो, हा प्रश्न त्याला पहिल्यानेच पडतो.

मी मूळचा रत्नागिरीचा. परंतु उभी हयात मुंबईच्या एका सरकारी कचेरीत गेली. किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी सातशेंवर भरत्या येतात. माझ्या पंधरा दिवसांच्या रजेत त्यांतल्या जेमतेम एकोणतीस येत, आणि त्यांतल्याही निम्म्या रात्रीच्या. राजिवड्याच्या किंवा मिरकरवाड्याच्या माणसाचा एक दिवस फुकट गेला तर दुसरा हजर असतो. रजेवर आलेल्या माणसाने चुकीच्या जागी तीन दिवस घालवले तर त्याचे वर्ष बुडते. म्हणून कुठे बसावे ही विवंचना मला गावातल्या कोणाहीपेक्षा अधिक छळत आली आहे, आणि तिच्यापायी मी रजेचा अर्जसुद्धा पंचांग उघडून लिहीत असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका हाती येते. मुंबईच्या मानाने इथले पाणी थोडे आधी भरते, तेवढी वजावट करायची. दिवाळी आटोपल्यावर, कार्तिक शुद्ध पंचमीपासून पुढची रजा मी मागत असे आणि कारणाच्या रकान्यात ‘घरदुरुस्ती’ असे लिहीत असे. ते असत्य होते. वरिष्ठांनी त्या असत्यावर विश्वासाने मंजुरीचा शेरा मारला, याची टोचणी मला निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

पंचमीच का, हे सांगायचे तर खाडीकडेच यावे लागते. बाकीच्या जागांविषयी मी थोडक्यात बोलतो, कारण त्या जागा थोडक्यात बोलण्याजोग्याच आहेत. मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी बसणे रम्य आहे. तेथे माणसे पुष्कळ भेटतात. रत्नदुर्गाच्या खालचे खडप भरतीला उत्तम, पण तेथे गळ अडकून तुटण्यातच अर्धी भरती जाते. आरे-वाऱ्याच्या पुळणीवर मुडदुशी मिळते व मन प्रसन्न होते. जयगडला शास्त्रीचे पाणी मुखाशी इतके खोल आहे की किनाऱ्यावरून टाकलेली गरी म्हणजे समुद्राच्या उंबऱ्यावर ठेवलेला दिवा. पूर्णगडाला मुचकुंदीच्या मुखाशी मात्र मी पाच-सहा वर्षे निष्ठेने बसलो, आणि तेथे जर दररोज जाण्याची सोय असती तर कदाचित हा लेख त्या खाडीवर लिहिला असता.

माझी खाडी काजळीची. सह्याद्रीत उगम पावून ही नदी सोमेश्वर, पोमेंडीवरून फिरत येते आणि राजिवडा व भाट्ये यांच्यामधून समुद्राला मिळते. पावसाळा सरल्यावर दोन महिने तिच्यात गोडे पाणी भरपूर असते, आणि ते हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या अंगावरून वाहते; खाली खारे पाणी पाचरीसारखे आत शिरलेले असते. सुकती लागली की वर गढूळ आणि निळसर अशा दोन पाण्यांची सीमा स्पष्ट दिसते. तिच्यावर फेस जमतो, सुरूच्या काड्या आणि वाळकी पाने रांग धरून चालतात. नवखा माणूस ती रांग पाहून हर्षभरित होतो आणि तिच्यावर गरी टाकतो. मीही पहिली सात वर्षे तेच केले.

राजिवड्याचे एक वृद्ध दालदी तांडेल, ज्यांचे नाव येथे घेण्याची परवानगी विचारायला ते आता नाहीत, त्यांनी मला एका सकाळी काही न बोलता एक प्रयोग करून दाखवला. त्यांनी सुरूची एक काडी पाण्यात टाकली. ती समुद्राकडे निघाली. मग अगदी हलके शिसे बांधलेली दोरी त्याच जागी सोडून तिचे टोक माझ्या बोटावर ठेवले. आणि ते शिसे, काडीच्या नेमके उलट, आत, सोमेश्वराच्या दिशेने सरकत होते. वरचे पाणी निघून चालले होते आणि तळाचे अजून येतच होते. माझ्या अंगावर शहारा आला. मासा फेसाच्या रांगेखाली नसतो. तळातली दोन पाणी जिथे एकमेकांना थोपवून धरतात, तिथे चिंगळे आणि कोवळे मासे गोंधळून साचतात, आणि तिथे तो असतो. वरचा सांधा डोळ्यांना दिसतो आणि तळातला सांधा त्याच्यापासून कधी पन्नास हात, कधी दोनशे हात दूर असतो. हे अंतर किती, एवढेच जाणण्यासाठी मी आयुष्यातल्या तेहेतीस रजा खर्च केल्या. वारा, तिथी, पावसाचा शेवटचा दिवस, मुखाशी साचलेल्या गाळाचा दर वर्षी बदलणारा आकार, हे सारे वहीत टिपले. एका वर्षी बसलेले कोष्टक पुढच्या वर्षी मोडले.

मात्र एवढे ठरले की उधाणापेक्षा भांग बरा. यावर माझे पुष्कळांशी वाद झाले आहेत. उधाणाला पाणी जोराने येते आणि जोराने जाते, मासा फिरतो, हे कबूल. पण त्या जोराने गोडे आणि खारे ढवळून एक होते आणि सांधाच उरत नाही. भांगाला, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या मंद पाण्यात, ते दोन थर एकमेकांची मर्यादा राखून असतात. शिवाय त्या दिवसांत भरती पहाटे पाच-सहाला पुरी होते आणि सुकतीची सारी सकाळ माणसाच्या हाती राहते. जे उधाणाचे भक्त आहेत ते, माझ्या मते, माशापेक्षा पाण्याच्या गर्जनेवर अधिक लुब्ध झालेले असतात.

अलीकडे रीळ लावलेल्या लांब काठ्या घेऊन शहरांतून तरुण येतात, प्लास्टिकचे रंगीत मासे फेकतात आणि जागा विचारतात. त्यांच्या फेकीचे मला कौतुक आहे. परंतु तीन तासांत पाच जागा पालथ्या घालून सहाव्या जागेची चौकशी करणाऱ्याला खाडी काय सांगणार? त्यांच्याहून मोठे दुःख बाहेरच्या समुद्राचे आहे. तांबोसा लहानपण खाडीच्या कांदळात काढतो आणि मोठा झाल्यावर बाहेर खडकांत जातो. कांदळ तुटले आणि बाहेर वाट अडवली, तर खाडीवर बसलेल्याने कोणाची वाट पाहायची? 2016 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, 2017 च्या नोव्हेंबरात केंद्राने प्रखर दिव्यांवरच्या मासेमारीस मनाई केली. हुकूम योग्य होते. हुकमाची अंमलबजावणी हा दफ्तराचा विषय नसून रात्री समुद्रावर जाण्याचा विषय आहे, हे मी कचेरीत जन्म काढलेला माणूस म्हणून सांगतो.

आता जे सांगायचे ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. आमच्या आळीत एक मास्तर होते. त्यांनी सेवानिवृत्तीनंतर मोठ्या हौसेने गरी घेतली आणि एका दिवाळीत माझ्याकडे येऊन, अत्यंत संकोचाने, कुठे बसावे ते विचारले. मी जागा खरी सांगितली: पुलाच्या खालच्या अंगाला, भाट्याच्या बाजूस, वाळू संपून कातळाचा पट्टा लागतो ती. वेळ मात्र भरतीची सांगितली. मास्तर आठ दिवस भरतीला तेथे बसले; मी सुकतीला त्यांच्या उठून गेलेल्या जागी जाऊन बसत असे. आठव्या दिवशी त्यांनी पुलावर मला गाठून माझ्या टोपलीतला तांबोसा दोन्ही हातांनी उचलून पाहिला आणि म्हणाले, “तुमचा हात आहे हो, आमचा नाही.” मी ते शब्द स्वीकारले. त्या वेळी झालेला आनंद मला अजून स्वच्छ आठवतो; तो माशाचा नव्हता. मास्तरांनी पुन्हा गरी हातात धरली नाही, आणि चार वर्षांपूर्वी ते गेले.

त्या षष्ठीच्या सकाळी मी माझी दोरी गुंडाळली आणि नातीला माझ्या पाटावर बसवून म्हटले, “इथेच बस. सांधा इथूनच जातो.” ती थोडा वेळ बसली. मग उठली, दोरी न गुंडाळता, शिसे तळाला तसेच ठेवून, कातळाच्या कडेने मुखाकडे चालू लागली. मी हाक मारली, तिने मान हलवली नाही. दर चार पावलांवर ती थांबे, बोटावर दोरी घेई, पुन्हा चाले. वीसेक पावलांवर ती उभी राहिली. “आबा, इथं शिसं कुठंच जात नाहीये. आतही नाही, बाहेरही नाही.”

तेहेतीस वर्षे मी त्या पाटावर बसून सांधा माझ्या खालून जाण्याची प्रतीक्षा करीत होतो. सुकतीबरोबर तो मुखाकडे सरकतो हे मला ठाऊक होते, वहीत लिहिलेले होते. परंतु जागा माझी होती, तिच्यावर माझा कबजा होता, आणि ती सोडून पाण्यामागे हिंडणे हे मला नवख्याचे लक्षण वाटत असे. मी उठून तिच्याजवळ गेलो. तिच्या बोटावरच्या दोरीवर मी माझे बोट ठेवले; मला काहीच कळले नाही. तिने तेवढ्यात हात झटकला आणि ओढू लागली. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला.

करकरा होता, वीतभराहून थोडा मोठा. टोपलीत पडल्यावर तो बोलू लागला, ज्या घशातल्या खरखरीवरून त्याला हे नाव मिळाले ती खरखर, थांबून थांबून, बराच वेळ. नात दचकली, मग टोपलीवर वाकली. मला तो आवाज पुरता ऐकू येत होता.

घरी परतताना तिने पुलावर विचारले, “उद्या सप्तमी. म्हणजे सव्वापाचला भरती. बसायचं कुठं?”

“तू चाल,” मी म्हणालो, “मी टोपली घेऊन मागून येतो.”