शुशुक आणि सोनोग्राफी

२०२५ च्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे नाव बदलून ‘विजय दुर्ग’ झाल्याची बातमी आली. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील विजयदुर्गावरून ते घेतले असल्याने मराठी वाचकांनी ती कौतुकाने वाचली. पुढच्याच महिन्यात नदीतील डॉल्फिनांच्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला: आठ राज्ये, अठ्ठावीस नद्या आणि ६,३२७ प्राणी. या दोन बातम्या एकत्र वाचण्याचे कारण कोणाला पडले नसेल. पण किल्ल्याखालून वाहणारी हुगळी आणि त्या डॉल्फिनाची शास्त्रीय नोंद यांचा संबंध सव्वादोनशे वर्षांचा आहे, आणि दवाखान्यातील सोनोग्राफी समजून घ्यायची तर सुरुवात तेथूनच करणे सोयीचे.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, प्रवाहाच्या दिशेने पलीकडच्या काठावर शिबपूरचे वनस्पतिउद्यान आहे. त्याचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी १८०१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात गंगेतील या प्राण्याचे वर्णन छापले. रॉक्सबर्ग यांचे वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ पुढे श्रीरामपूरच्या छापखान्यातून काढले ते विल्यम कॅरी यांनी. हेच कॅरी किल्ल्याचे नाव लावणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश सिद्ध केला. मराठीच्या मुद्रित इतिहासाची पहिली पाने आणि या डॉल्फिनाची पहिली ओळख एकाच नदीकाठची आहे, हे जाता जाता.

बंगालीत या प्राण्याला ‘शुशुक’ म्हणतात. श्वासासाठी तो वर येतो तेव्हा होणाऱ्या फुत्कारावरून ते नाव पडले. लोकांनी त्याचा जो एकमेव आवाज ऐकला तोच त्याच्या नावात ठेवला. त्याचा खरा आवाज मात्र कोणालाच ऐकू येत नव्हता. शुशुकच्या डोळ्यात भिंगच नसते. उजेड आणि अंधार यांतील फरक त्याला कळत असावा, आकृती दिसणे शक्य नाही. गढूळ पाण्यात तो मासे पकडतो ते अखंड टिकटिकत, आणि त्या टिकटिकीची कंप्रता सेकंदाला सुमारे ६०,००० कंपनांची असते. माणसाचा कान फार तर २०,००० पर्यंत ऐकतो. त्या मर्यादेपलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. त्यात गूढ काही नाही. तो साधाच ध्वनी आहे; मर्यादा आपल्या कानाची आहे.

एवढी मोठी कंप्रता का लागते, याचे उत्तर तरंगलांबीत आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. त्याला ६०,००० ने भागले की अडीच सेंटिमीटर मिळतात. तरंगलांबीपेक्षा फार लहान वस्तूवरून प्रतिध्वनी क्षीण येतो, आणि अगदी जवळच्या दोन वस्तू त्याला वेगळ्या दाखवता येत नाहीत. मासा पकडण्यास अडीच सेंटिमीटर पुरतात. यकृतातील गाठ किंवा गर्भाच्या हृदयाची झडप पाहण्यास ते पुरत नाहीत. म्हणून पोटाच्या सोनोग्राफीत कंप्रता सेकंदाला पस्तीस लाखांच्या आसपास ठेवतात. तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते. ती आणखी वाढवली तर चित्र अधिक रेखीव येईल, पण कंप्रता वाढली की ऊती ध्वनी लवकर शोषून टाकतात आणि तो खोलवर पोहोचत नाही. गळ्याजवळच्या थायरॉइडसाठी एक प्रोब आणि पोटासाठी दुसरा, असे जे दिसते त्यामागे हाच व्यवहार आहे. रेखीवपणा हवा असेल तर खोली सोडावी लागते.

प्रोबमध्ये दाबविद्युत पदार्थाच्या बारीक पट्ट्या असतात. विजेचा झटका दिला की त्या कंप पावतात, आणि परतणाऱ्या ध्वनीने त्यांच्यावर दाब पडला की उलट वीज निर्माण करतात. पियर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांचा हा गुण दाखवला. पहिल्या महायुद्धात पॉल लाँजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी तो वापरला. एकच पट्टी बोलते आणि ऐकते. बोलणे एखाद्या मायक्रोसेकंदाचे. बाकी सारा वेळ ऐकण्याचा. पावणेआठ सेंटिमीटर खोलवरून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा दहाहजारावा भाग लागतो. यंत्र मोजते ते एवढेच: किती वेळाने आला आणि किती जोरात आला. पडद्यावर दिसते ते छायाचित्र नसून अशा शेकडो वेळांचा नकाशा आहे.

आणि त्या नकाशात एक गृहीतक दडलेले आहे. वेळेवरून अंतर काढायचे तर वेग माहीत हवा, आणि शरीरात तो सर्वत्र सेकंदाला १,५४० मीटर आहे असे यंत्र मानून चालते. चरबीत तो सुमारे १,४५० असतो. त्यामुळे चरबीच्या जाड थरामागील अवयव पडद्यावर किंचित खोल दिसतो. पण सोनोग्राफीचे सौंदर्य असे की तिच्या उणिवाही कामाला येतात. पित्ताशयातील खडा जवळजवळ सारा ध्वनी अडवतो, म्हणून त्याच्या मागे काळी पट्टी पडते. अनुभवी डॉक्टर खडा ओळखतात तो बऱ्याचदा त्या सावलीवरून. जेथून काहीच परत आले नाही, तेथेच उत्तर असते.

हवा मात्र या ध्वनीची वैरीण. त्वचा आणि प्रोब यांमध्ये हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच माघारी फिरतो. पोटावर लावलेले ते थंडगार जेल केवळ हवा हाकलण्यासाठी असते. शुशुकला त्याची गरज नाही, तो पाण्यातच असतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील डग्लस हाउरी यांनी रुग्णांनाही पाण्यात बसवून पाहिले. त्यांचे टाके बॉम्बफेकी विमानाच्या बंदुकीच्या बुरुजापासून केलेले होते. चित्रे चांगली आली, पण आजारी माणसाला किती वेळ बुडवून ठेवणार?

वैद्यकाला हे साधन खऱ्या अर्थाने मिळाले ते ग्लासगोत. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी बॉयलर तयार करणाऱ्या कारखान्यातील, धातूच्या तड्यांचा शोध घेणारे यंत्र कापून काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे एका स्त्रीला शस्त्रक्रियेपलीकडचा कर्करोग आहे असे निदान झालेले असताना त्यांच्या यंत्राला पोटात द्रवाने भरलेली मोठी पिशवी दिसली. ती काढली गेली आणि रुग्ण बरी झाली. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध आला. क्षकिरणांनी गर्भ पाहण्यातील धोका तेव्हा कळू लागला होता, त्यामुळे प्रसूतिशास्त्राने हे साधन झपाट्याने आपलेसे केले. गर्भाची वाढ, वारेची जागा, जुळी, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा: आईचा जीव ज्यांवर अवलंबून असतो अशा किती गोष्टी त्यापूर्वी केवळ हाताच्या अंदाजाने ठरत होत्या!

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, याच साधनाला एक निराळा प्रश्न विचारला गेला. गर्भजल परीक्षेने लिंग ओळखून मुलीचा गर्भ पाडण्याचा व्यवसाय मुंबईत उघडपणे चालू झाला, तेव्हा स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तोवर सोनोग्राफी स्वस्त झाली होती आणि तिला सुईही लागत नव्हती. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. मधल्या काळात, २००० साली, सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर यंत्रांच्या नोंदणीला धार आली आणि २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला. प्रतिध्वनी दोन्ही वेळी तोच येतो. वार कोठे आहे हे सांगणारा आणि मुलगी आहे हे सांगणारा ध्वनी भौतिकीच्या दृष्टीने वेगळा करता येत नाही, आणि तसा फरक करणारे यंत्रही बनवता येत नाही. त्यामुळे पहारा माणसावर आणि कागदावरच ठेवावा लागला.

त्या पहाऱ्याची किंमतही आहे. आता प्रोब खिशात मावतो आणि मोबाइलला जोडता येतो. अपघातात पोटात रक्तस्राव झाला आहे का, हे दुर्गम भागातील डॉक्टर रुग्णाच्या खाटेजवळ मिनिटाभरात पाहू शकेल. पण वाहून नेता येणारी यंत्रे नोंदणीकृत केंद्राच्या आवारात किंवा फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरावीत, असा नियम आहे. गडचिरोली किंवा मेळघाटातील अंतरे पाहता ही अडचण खरी आहे. आणि ज्या कारणाने तो नियम झाला तेही तितकेच खरे आहे. नियम सरसकट सैल करावा असे म्हणणाऱ्यांनी वरचे तीन आकडे पुन्हा वाचावेत. मात्र अर्जातील लेखनिकी चूक आणि लिंगनिदानाचा गुन्हा यांना एकाच मापाने मोजल्याने एकही मुलगी वाचत नाही.

आजही कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात भिंतीवर गर्भलिंग सांगितले जात नसल्याचा फलक असतो आणि पडद्याचा उजेड डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पडलेला असतो. सातव्या महिन्यातील बाई छताकडे पाहत पडून असते. डॉक्टर डॉप्लरचे बटण दाबतात. हलत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची कंप्रता किंचित बदलते आणि हा बदल, योगायोगाने, नेमका माणसाच्या कानाला ऐकू येईल एवढा असतो. तोच ध्वनिवर्धकावर सोडतात. खोलीत धावत्या पावलांसारखा आवाज भरतो, मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. “ठोके छान आहेत,” डॉक्टर म्हणतात, जेल पुसायला कापूस देतात आणि ‘एफ’ अर्ज भरायला घेतात.