हुर्राकचे दिवस

शुक्रवारी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर विषय निघाला, तुमची सगळ्यात आवडती दारू कुठली? आमच्या टीमचं एरवी चहात आलं हवं की वेलची यावरसुद्धा एकमत होत नाही. कोणी नाशिकच्या शेनिन ब्लांकचं नाव घेतलं, कोणी बेल्जियन बिअरचं. ओल्ड मंकचं नाव निघाल्यावर मात्र सगळेच दोन मिनिटं हळवे झाले. (हॉस्टेल, स्टीलचे पेले, थम्सअप आणि फरसाण. असो.)

मी म्हटलं, हुर्राक.

"म्हणजे फेणीच ना?"

नाही हो! तर मंडळी, आजचा शनिवार हुर्राकच्या नावाने.

काजू आपल्याकडे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. आपण त्याची बी खातो आणि फळ विसरतो, गोंयकार विसरत नाही. बोंडू झाडावरून तोडायचे नसतात, पिकून आपोआप खाली पडलेले गोळा करायचे. बी पिळून वेगळी करायची आणि बोंडू कोळंबीत टाकून पायांनी तुडवायचे. (इथे कोळंबी म्हणजे खडकात खोदलेलं टाकं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उगाच तोंडाला पाणी सुटलं होतं.) तो रस दोन-तीन दिवस आपला आपणच आंबतो, मग भाणात घालून खाली लाकडं पेटवायची. पहिल्या धारेचा तो हुर्राक, साधारण पंधरा टक्के अल्कोहोल. तोच पुन्हा गाळला की फेणी, बेचाळीसच्या आसपास. फेणीला २००९ साली जीआय मानांकन मिळालं, ती बाटलीत बसून वर्षानुवर्षं टिकते. हुर्राकचं तसं नाही. मार्च ते मे, संपला विषय. लिम्का, मीठ, मधोमध चिरलेली हिरवी मिरची, भरपूर बर्फ आणि समोर कोणीतरी बोलणारा माणूस.

माझा तो माणूस म्हणजे पात्रांव. पुण्यातला माझा रूममेट, घर सत्तरीत, घरची काजूची बाग. दर एप्रिलला आम्ही शुक्रवारी रात्रीची बस पकडून त्याच्या घरी जायचो. हुर्राकचा पहिला ग्लास मला त्यानेच भरून दिला.

पण पात्रांवचा सीझन तीन महिन्यांत संपेना. पुण्यात तो रोज रात्री प्यायला लागला, मग सकाळीही. मला कळत होतं. खोली एकच, बाटल्या कुठे लपणार? एकदा सकाळी आठला रिलीजचा कॉल होता, हा उठलाच नाही. मी मॅनेजरला सांगितलं, त्याला ताप आलाय. त्या वर्षात त्याला असा चार-पाच वेळा ताप आला. मी स्वतःला फार चांगला मित्र समजत होतो. शुक्रवारी संध्याकाळी "चल, एकच" म्हणणारा पण मीच.

२०१९ मध्ये त्याने नोकरी सोडली, घरी गेला, उपचार घेतले. दारू बंद. मग माझं जाणंही बंद. कामं होती, मग कोरोना आला, कारणांना काय तोटा! खरं म्हणजे त्याच्यासमोर हातात काय धरून बसायचं ते मला कळत नव्हतं.

मागच्या एप्रिलमध्ये त्याचाच फोन आला, "ये रे, बोंडू पडायला लागलेत." गेलो. संध्याकाळी काकांनी माझ्यासमोर ग्लास ठेवला, मिरचीसकट. मी पात्रांवकडे बघितलं. "चालेल ना तुला?"

"नाही चालत," तो म्हणाला. "वास आला की अजून हात शिवशिवतात. तू मागच्या पडवीत बसून पी, मी आहे इथे."

मी ग्लास काकांकडे सरकवला. काकांनी तो उचलला आणि आत नेऊन ठेवला. जेवताना कोणी काही बोललं नाही. सुंगटांची आमटी झकास होती, एवढं सांगतो.

रात्री अंगणात मी तापाचा विषय काढला. सहा वर्षं घोकलेलं वाक्य नीट बोलताही आलं नाही. तो म्हणाला, "तू नसतं सांगितलंस तर मीच फोन करून सांगितलं असतं. तू उगाच स्वतःचा भाव वाढवू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "पण एकदा तरी ओरडायला हवं होतंस रे."

मी हो म्हटलं.

सकाळी सहाला त्याने मला हलवून उठवलं. तुडवून उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्यावर दगड ठेवतात, त्यातून रात्रभर ठिबकणारा रस म्हणजे निरो. स्वच्छ, गोड, घशाला किंचित तुरट. आम्ही बागेतच उभे राहून एकेक तांब्या प्यायलो.

"आटप लवकर," पात्रांव म्हणाला. "ऊन चढलं की हा पण आंबतो. मग माझ्या उपयोगाचा नाही."

मी दुसरा तांब्या भरून घेतला. शर्टावर सांडला थोडा, तो डाग अजून गेलेला नाही.