देहूरोड ते बेडसे : सायकलवरचा एक रविवार

आमच्या वस्तीत एके काळी घरटी एक सायकल होती. डेपोत, कारखान्यात, रेल्वेत कामाला जाणारा माणूस हँडलला जेवणाचा डबा अडकवून सायकलवरच जायचा. पुढे कर्ज काढून मोटारसायकली आल्या आणि सायकल म्हणजे गरिबीची खूण, असे आमचे आम्हालाच वाटू लागले. वडिलांची सायकल आम्हीही भंगारात घातली. त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून वस्तीतल्या मुलांनी सायकल मंडळ काढले तेव्हा एक जुनी सायकल विकत घेऊन आम्हीही त्यात सामील झालो. महिन्यातला एक रविवार सायकलवर काढायचा, एवढाच या मंडळाचा नियम.

डिसेंबरात बेडसे लेण्यांचा बेत ठरला. आम्ही चौदा जण होतो. सर्वांत लहान अकरावीतली मुलगी. तिच्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. सर्वांत वडील म्हणजे डेपोतून निवृत्त झालेले काका, वय ६८. तिघांकडे गिअरच्या सायकली, बाकीच्यांकडे साध्या. पहाटे सहाला आम्ही देहूरोडच्या बुद्धविहारासमोर जमलो. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी याच विहारात केली. त्रिशरण-पंचशील घेऊन आम्ही निघालो.

काकांच्या सायकलला पाण्याच्या चार बाटल्या लटकत होत्या. मुलगी हसून म्हणाली, "काका, लेण्यांवर जायचंय की वाळवंटात?" काका म्हणाले, "रस्त्यात कुणाकडं पाणी मागायचं नाही बाळा. आमची जुनी सवय आहे." तेव्हा कोणी जास्त विचारले नाही.

सर्वांच्या पुढे एक जाणता गडी आणि सर्वांच्या मागे एक. पुढच्याला कोणी मागे टाकायचे नाही आणि शेवटच्याने कोणाला मागे सोडायचे नाही. पंप, पाने आणि पंक्चरची पिशवी शेवटच्याकडे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकची वर्दळ पहाटेही असते, म्हणून एकामागे एक रांगेने चालायचे. चढावर जो सर्वांत हळू, त्याच्या चालीने सगळ्यांनी जायचे. समाजकार्यातही हा नियम पाळला असता तर आमच्या कित्येक संस्था फुटल्या नसत्या, असे आम्हाला त्या चढावर वाटून गेले.

देहूरोड सोडले की थोड्याच अंतरावर घोरावडेश्वरचा डोंगर लागतो. वरची शेलारवाडीची लेणीही मूळची बौद्ध. धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका नांगरधाऱ्याच्या बायकोने, सियागुतनिकेने, तिथे लेणे दान दिल्याचा शिलालेख आहे. लेणी म्हटली की आपल्याला राजे आणि सावकारच आठवतात. इथे शेतकऱ्याच्या घरची बाई आहे. उजाडत्या प्रकाशात त्या डोंगराला हात जोडून आम्ही सोमाटणे फाटा ओलांडला. तळेगाव दाभाडे मागे पडले. त्या गावातही बाबासाहेबांचा बंगला आहे. तो वेगळ्या रविवारी पाहायचा ठरले. पुढे वडगाव. इंद्रायणी तांदूळ इथल्याच भात संशोधन केंद्राने दिला. कामशेतला चहा आणि वडापाव घेतला तेव्हा सुमारे वीस किलोमीटर झाले होते.

कामशेतहून डावीकडे पवनानगरचा रस्ता धरला आणि खरा प्रवास सुरू झाला. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. तो ओलांडून पलीकडे गेलो आणि मोटारींचा गोंगाट मागे राहिला. दोन्ही बाजूंना भात निघालेली खाचरे, बांधावर पेंढ्याच्या गंजी, कुठे ओलीवर टाकलेला हरभरा. मोटारीतून जाताना गाव म्हणजे नुसती पाटी असते. सायकलवरून चुलीच्या धुराचा वास येतो, कोणी "कुठं निघालात?" म्हणून हाक मारते, तिला उत्तर द्यायलाही वेळ मिळतो.

बेडसे गावात सायकली एका झाडाखाली साखळीने बांधल्या आणि पायऱ्या चढू लागलो. पायऱ्या सुमारे चारशे. पाय आधीच दुखत होते, पण काका थांबले नाहीत. वर गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. समोर न कोरलेला कातळ तसाच ठेवला आहे. त्यातल्या अरुंद वाटेने आत शिरलो आणि एकदम उंचच उंच खांब पुढे उभे राहिले. ते सुमारे पंचवीस फूट उंच आहेत. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. आत चैत्यगृहात स्तूप. शेजारचा विहार मागच्या बाजूने गोलाकार आणि कमानदार छताचा आहे. असा विहार सहसा पाहायला मिळत नाही. हे सर्व सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख इथेच आहे. आम्ही बुद्धवंदना घेतली.

मग पाण्याच्या टाक्यापाशी आलो. त्यावरही लेख आहे. महाभोजाची मुलगी, महारठिणी सामडिनिका हिने हे टाके दान दिले. वहीत उतरून आणलेली ही माहिती आम्ही मुलांना वाचून दाखवली. पाणी आज पिण्याजोगे नाही, पण टाके शाबूत आहे. काका टाक्याकडे बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "पंधरा वर्षांचा होतो. बहिणीच्या लग्नाचं सांगायला सायकलवर गावोगाव फिरत होतो. मे महिना. एका घरी पाणी मागितलं. बाईनं आधी जात विचारली. मग मला अंगणात खाली बसवलं, ओंजळ करायला लावली आणि वरून पाणी ओतलं. निम्मं पाणी मातीत गेलं. त्या दिवसापासून मी पाणी घरनंच नेतो." महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. काकांची गोष्ट त्यानंतर पंचेचाळीस वर्षांची. कोणी काही बोलले नाही. मुलीने काकांची उरलेली बाटली उचलून आपल्या पिशवीत ठेवली.

डबे खाऊन आम्ही परतीला पवनेच्या बाजूची आडवाट धरली. पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारे बरेचसे पाणी याच पवनेचे. बेबडओहोळच्या अलीकडे काकांच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. मुलीने पटकन टायर सोडवून ट्यूब बाहेर काढली, पण भोक कळेना. ट्यूब पाण्यात बुडवल्याशिवाय बुडबुडे दिसत नाहीत, आणि आमच्या सगळ्यांच्या बाटल्या संपल्या होत्या. समोर एक घर होते. काका म्हणाले, "राहू दे, चालत नेतो." मुलगी ऐकेपर्यंत थांबलीच नाही.

घरातली सून पाण्याने भरलेले घमेले घेऊन आली आणि माघारी जाऊन तांब्या-पेलाही घेऊन आली. "आधी पाणी प्या, मग चाक बघा." ओट्यावर बसलेल्या आजींनी विचारले, "कुठलं गाव? कोणाचे तुम्ही?" हा प्रश्न काय असतो ते आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्यातला एक तरुण नुसते गाव सांगून मोकळा होणार होता. पण काकाच उठून उभे राहिले. "देहूरोडचे आम्ही, आजी. बौद्ध. जयभीमवाले."

आजी काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या. सून क्षणभर दाराकडे बघत राहिली. मग तिने पेला भरला आणि काकांच्या हातात दिला. "घ्या ना काका, लांबून आलात." काकांनी पेल्याला तोंड लावून सगळे पाणी प्यायले आणि पेला तिच्या हातात परत दिला. तोवर घमेल्यात बुडबुडे दिसले होते. मुलीने भोक घासले, सोल्युशन लावले, ठिगळ दाबून बसवले. आम्ही निघालो तेव्हाही आजी बाहेर आल्या नव्हत्या.

एका पेल्याने जुना हिशेब चुकता होतो, असे आम्ही म्हणणार नाही. आमचा जन्म खातेवहीत गेला. जमा आणि नावे आम्हाला कळते. आजींचे गप्प राहणे आम्ही लिहून ठेवले आहे, तसाच सुनेचा पेलाही. काकांनी आपली ओळख लपवली नाही, हे मात्र दोन्हींच्या वर लिहावे असे वाटते. लपवून मिळालेले पाणी त्यांना तसे गोड लागले नसते.

परंदवडीवरून सोमाटणे फाट्याला आलो तेव्हा दिवस मावळत होता. एकूण साठेक किलोमीटर झाले. विहारासमोर चौदाही जण एकत्र उतरलो.

वाचकहो, घरात जुनी सायकल असेल तर तिला तेलपाणी करा, ब्रेक बघा, ट्यूब आणि पंप बरोबर ठेवा आणि एखाद्या रविवारी निघा. मुलींना जरूर न्या. पंक्चर काढायला मुलांबरोबर त्यांनाही शिकवा. पाणी भरपूर घ्या. संपले तर मागायला लाजू नका, आणि कोणी विचारले तर कोण आहात ते सरळ सांगा. पुढच्या रविवारी काका आले तेव्हा त्यांच्या सायकलला दोनच बाटल्या होत्या.