पिवळ्या गावात एक दिवस

सरकारी कारकुनाला इतिहासाची ओढ असू नये असा काही नियम नाही. परंतु इतिहासाशी त्याचा नित्याचा संबंध येतो तो बहुधा जुन्या फायली नष्ट करण्याच्या निमित्ताने. मुदत संपलेल्या फायलींची यादी करावी, तिच्यावर साहेबांची सही घ्यावी आणि गठ्ठे यंत्राच्या स्वाधीन करावेत, हे काम मी दिल्लीत कित्येक वर्षे निर्विकार मनाने केले. पुढे बदली होऊन मेक्सिको शहरातील आपल्या वकिलातीत आलो, तेव्हाही ते सुटले नाही. मात्र रजेच्या चार दिवसांत युकातान प्रांतातील इसामाल हे गाव पाहून आलो आणि माझा तो निर्विकारपणा कायमचा सुटला.

मेरिदा शहराच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर इसामाल आहे. बस गावात शिरते तोच रंग डोळ्यांत भरतो. घरे, दुकाने, कमानी, सारेच पिवळे आणि त्याला पांढऱ्या रेघांची किनार. अवघ्या गावाला हळद लागली आहे, असे मला वाटले. चौकात घोडागाड्या उभ्या होत्या. गावाच्या मधोमध उंच चौथऱ्यावर फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. लांबलचक चढण चढून वर गेलो, तो ७५ कमानींनी वेढलेले विस्तीर्ण पटांगण समोर आले. क्षणभर मी तेथे स्तब्ध उभा राहिलो.

मी चढून आलो ती टेकडी नव्हती, हे मला मागाहून कळले. ते पाप-होल-चाक नावाच्या माया लोकांच्या प्राचीन मंदिराचे जोते होते. १५४९ ते १५६१ या काळात स्पॅनिश साधूंनी त्या मंदिराचा वरचा भाग उतरवला आणि त्याच्याच दगडांनी हा मठ उभारला. तेथून थोड्याच अंतरावर किनिच काक मो हा सूर्यदेवाचा पिरॅमिड अद्याप उभा आहे. त्याची उंची सुमारे ३५ मीटर आहे. भर दुपारी धापा टाकीत मी त्याच्या माथ्यावर पोहोचलो. चहूकडे सपाट, हिरवे रान क्षितिजापर्यंत पसरले होते आणि समोर तो पिवळा मठ उन्हात तळपत होता. खाली एक वृद्ध बाई आपल्या नातवाशी बोलत होती. तिची भाषा स्पॅनिश नव्हती, माया होती. त्या द्वीपकल्पात सात लाखांहून अधिक लोक ती आजही बोलतात. भाषा टिकली, तिची प्राचीन लिपी मात्र लोकांच्या हातून गेली.

ती कशी गेली, याचे उत्तर मठाजवळच्या एका पुतळ्यापाशी मिळते. हा पुतळा दिएगो दे लांदा या साधूचा आहे. मठाच्या उभारणीत त्याचा पुढाकार होता. १२ जुलै १५६२ रोजी मानी या गावी त्याने मूर्तींची आणि माया पोथ्यांची होळी केली. त्याआधी कित्येक माणसांचा अमानुष छळ झाला होता. पोथ्यांत त्याला अंधश्रद्धेवाचून काही दिसले नाही. त्या जळताना लोकांना अतोनात दुःख झाले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. आज साऱ्या जगात माया पोथ्या उरल्या आहेत त्या अवघ्या चार.

पुढे या कृत्यांचा जाब देण्यासाठी लांदाला स्पेनला जावे लागले. तेथे १५६६ च्या सुमारास त्याने युकातानविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात माया अक्षरांचा एक तक्ता दिला. तीन शतके त्या ग्रंथाची कोणी वास्तपुस्त केली नाही. १८६२ साली माद्रिदमध्ये त्याची एक संक्षिप्त प्रत सापडली. आणि १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडिताने दाखवून दिले की, त्या तक्त्यातली चिन्हे सुट्या वर्णांची नसून अक्षरोच्चारांची आहेत. तेथून ती लिपी पुन्हा बोलू लागली. ज्याने पोथ्या जाळल्या, त्याच्याच टिपणाने त्या लिपीचे कुलूप उघडले! पुतळ्यासमोर उभा राहून मी त्याचा मनसोक्त धिक्कार करू पाहिला. पण शब्द मनातल्या मनातच अडखळले.

कारण मला आमच्या गावचे घर आठवले. ते विकले तेव्हा माळ्यावर कागदांचे दोन रुमाल निघाले. पणजोबा गावचे कुळकर्णी. सारे कागद मोडीत. काकांनी विचारले, "यातलं काही वाचता येतं का रे तुला?"

"नाही, काका."

"मग ठेवून काय करायचं? रद्दीवाला दारातच उभा आहे."

मी पदवीधर, सरकारी दप्तरात काम करणारा. पण मी नुसती मान हलवली. रुमाल साडेसहा किलो भरले. मोडीला कोणी आग लावली नव्हती. छापखान्यांना बालबोध सोयीची पडली, शाळांतून मोडी गेली आणि काही पिढ्यांत घरचेच अक्षर घरच्यांना परके झाले. लांदाने निदान त्या लिपीचा तक्ता तरी करून ठेवला. मी तेवढेही केले नाही.

रजा संपवून कचेरीत परतलो, तो टेबलावर नष्ट करावयाच्या फायलींची यादी वाट पाहत होती. पहिली फाईल उघडून मी ती साद्यंत वाचली. ती नष्ट करण्याजोगीच होती. तसा शेरा मारला आणि दुसरी उघडली. संध्याकाळपर्यंत नऊच फायली झाल्या. साहेबांनी विचारले, "आज फार सावकाश चाललंय?" मी काही बोललो नाही.

हल्ली रात्री जेवणानंतर मी मोडीची बाराखडी गिरवतो. अक्षर हळूहळू लागू लागले आहे. वाचायला मात्र घरचा एकही कागद उरलेला नाही. माझ्यासारखेच बदलीच्या गावी राहणारे जे वाचक पुढच्या रजेत घरी जातील, त्यांनी एकदा माळ्यावर चढून पाहावे, एवढीच विनंती.