पगारातले दोनशे रुपये

चि. सोनू,


पगाराची स्लिप पाहिली. ‘पी.टी. २००’ या ओळीवर तू बरीच चिडलेली दिसतेस. ‘मला कुणी विचारलं होतं?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे, म्हणून फोनवर न उरकता लिहायला बसलो.

हा व्यवसायकर. त्याचा कायदा राज्याने १९७५ साली केला. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६व्या कलमाने माणशी याहून जास्त घ्यायला मनाई केली आहे. उद्या विधिमंडळाच्या मनात आलं तरी ते तुझे पाच हजार कापू शकत नाही. कायदा करणाऱ्यांनाही कायदा असतो तो असा. (पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना २०२३ पासून हा कर माफ आहे. तू त्यात बसत नाहीस, याचा मला तरी आनंदच आहे.)

आता तो आला कशासाठी, ते ऐक. आपल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५च्या सुमारास वि. स. पागे यांनी ‘मागेल त्याला काम’ हा प्रयोग करून पाहिला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढे बाहत्तरचा दुष्काळ पडला. तुझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची, सुकडी खायची. पण दुष्काळी काम ही सरकारची मेहरबानी. पाऊस पडला की काम बंद, मग घरी बसा. मजुरांचे मोर्चे निघाले ते ही मेहरबानी नको, हक्क हवा म्हणून.

घटनेत कामाचा हक्क ४१व्या कलमात आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. ते दाखवून कोर्टात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने त्याला दात दिले. रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी १९७७ साली मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ जानेवारी १९७९ला तो लागू झाला. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा. खर्चासाठी नोकरदारांकडून आधीच घेतला जाणारा व्यवसायकर वापरायचा आणि सरकारनेही आपला वाटा घालायचा. शहरांनी हे फारशी कुरकुर न करता मान्य केलं. गावात काम मिळालं नाही तर लोंढे मुंबईलाच येणार, हा हिशेबही त्यात असावा असं मला वाटतं. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला.

तरी मस्टरवर नाव लागेपर्यंत काही खरं नसतं. अर्जाची तारखेसह पोच घेतली नाही, तर १५ दिवस मोजायचे कधीपासून? तोंडी मागणीला कुणी विचारत नाही. मजूर संघटनांमधल्या बायका पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलत नाहीत, ते यासाठीच.

तुला विचारलं नाही हे खरं. पण तू विचारू शकतेस. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि विचार: गेल्या वर्षी व्यवसायकर किती जमला, त्यातला रोजगार हमीवर किती खर्च झाला. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर अपील कर. आलं, तर त्याची एक प्रत तुमच्या आमदारांना दे आणि एक मला पाठव.

तुझा,
मामा