उकाराला जागा

बंद ड्रॉपडाऊनच्या चौकटीत ‘पुणे’ निवडलेलं असतं आणि ‘पु’चा उकार खालच्या कडेला कापलेला असतो. मराठी फॉर्मांमध्ये हे इतकं सर्रास दिसतं की वाचणारा मनातल्या मनात उकार पुरा करून पुढे जातो. चौकटीची उंची ठरवताना समोर रोमन अक्षरं असतात. त्यांना ना रफार, ना उकार. ‘सिंधुदुर्ग’ला वरही जागा लागते आणि खालीही. बंद चौकटीची उंची वाढवणं तसं कधीच अवघड नव्हतं. अवघड होती ती उघडणारी यादी. १९९५च्या एचटीएमएल २.०मध्ये ड्रॉपडाऊनसाठी ‘सिलेक्ट’ हा घटक होता. पण त्याची यादी आपल्याला हवी तशी मांडण्याची खरी मुभा मिळाली एप्रिल २०२५मध्ये, क्रोमच्या १३५व्या आवृत्तीत. एका यादीसाठी तीस वर्षं का लागली, याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. सामाईक वापराच्या वस्तूत वागणूक सगळ्यांची एकच असावी आणि रूप ज्याचं त्याचं असावं, हे त्या तीस वर्षांनी सिद्ध केलं.

ही यादी पान रंगवत नसे, बहुतेक वेळा संगणकाची किंवा फोनची यंत्रणाच रंगवत असे. विंडोजवर ती एक दिसे, मॅकवर दुसरी, आयफोनवर फिरणाऱ्या चाकासारखी. २००१च्या इंटरनेट एक्सप्लोरर ६मध्ये तर सिलेक्ट पानावरच्या इतर बहुतेक सगळ्या गोष्टींच्या वर बसे. वरून मेनू उघडला, की खालचा सिलेक्ट त्यातून आरपार दिसे. तो झाकायला मेनूखाली एक रिकामी आयफ्रेम सरकवावी लागे. पुढच्या, २००६च्या आवृत्तीत ते थांबलं. असा हट्टी घटक डिझाइनमध्ये बसेना, म्हणून लोकांनी ‘डिव्ह’ या साध्या घटकातून त्याच्या प्रतिकृती घडवल्या. त्या देखण्या होत्या, पण अनेकींमधून न दिसणाऱ्या गोष्टी गळून पडल्या. खऱ्या सिलेक्टवर टॅबने पोचता येतं, बाणांनी वर-खाली जाता येतं, अक्षर टाइप केलं की त्या अक्षराच्या पर्यायावर उडी मारता येते, एस्केपने यादी मिटते. स्क्रीन रीडर काय निवडलंय ते वाचून दाखवतो. यातलं प्रत्येक वागणं प्रतिकृतीत हाताने बांधावं लागतं. सिलेक्ट२ किंवा रिअ‍ॅक्ट-सिलेक्टसारख्या लायब्ररींनी ते कष्टाने बांधलं. घाईत केलेल्या कामात ते राहून गेलं, आणि त्याची किंमत मोजली ती माउस न वापरणाऱ्यांनी आणि पडदा न दिसणाऱ्यांनी.

ओपन यूआय या गटात या प्रश्नावर काम सुरू झालं तेव्हा आधी वेगळाच घटक सुचवला गेला. त्याचं नाव सिलेक्टमेन्यू होतं, मग सिलेक्टलिस्ट झालं. शेवटी नवा घटक बाजूला ठेवून जुन्या सिलेक्टलाच मोकळं करायचं ठरलं. हा निर्णय मला फार आवडतो. सीएसएसमध्ये ‘अपिअरन्स: बेस-सिलेक्ट’ लिहिलं, की बाण, बरोबरची खूण, यादीची चौकट, ओळींमधलं अंतर, सगळं आपल्या हातात येतं. पर्यायात चित्रही ठेवता येतं. पूर्वी ब्राउझर पान वाचतानाच तिथले टॅग गाळून फक्त मजकूर ठेवत असे. आणि जो ब्राउझर हे ओळखत नाही, तो तीच यादी जुन्या रूपात दाखवतो. कोणाचंच काम अडत नाही.

मोकळं रूप मिळालं, तरी यादीतला क्रम आपल्यालाच लावावा लागतो, आणि मराठी यादीची खरी परीक्षा तिथे आहे. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे इंग्रजी क्रमाने लावून वर फक्त मराठी नावं चढवली, तर यवतमाळ तळाशी येतं. अकारविल्ह्यात अकोला, अमरावती, अहिल्यानगर अशी सुरुवात होते आणि तळाशी हिंगोली असते. गावांच्या याद्यांत गोष्ट आणखी बारीक होते. संगणक नुसत्या संकेतांकांनुसार क्रम लावतो तेव्हा युनिकोडमध्ये ‘ळ’ येतो ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी. म्हणून कळवा आधी आणि कवठेमहांकाळ नंतर. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’. तिथे कवठेमहांकाळ आधी यायला हवं. लांब यादीत नाव शोधणारा माणूस वर्णमालेच्या भरवशावर अंदाजाने थेट त्या जागी जातो. तिथे नाव नसलं तर त्याला वाटतं, आपलं गावच यात नाही. भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोय ब्राउझरांत आहे; ती वापरायला हवी. सातबारा शोधायच्या फॉर्मात जिल्हा, तालुका, गाव असे एकाखाली एक तीन सिलेक्ट असले, की पहिल्यावरून दुसऱ्याची यादी ठरते आणि दुसऱ्यावरून तिसऱ्याची. पहिल्याच यादीत नाव हुकलं तर सातबारापर्यंत कोण पोचणार? मला रंगांपेक्षा या क्रमाची काळजी जास्त वाटते, आणि यादी सुंदर कशाने होते असं कोणी विचारलं तर मी आधी क्रम म्हणेन, मग ओळींमधली मोकळी जागा.

कोणी म्हणेल, मग सजावट हवीच कशाला? सगळ्या पानांवर एकसारखा सिलेक्ट काय वाईट? वाईट एवढंच, की तो एकसारखेपणा एका लिपीच्या मापाने बेतलेला होता. देवनागरीला जागा देणं हा शृंगार नाही, ती वाचण्याची गरज आहे. दुसरा आक्षेप असा, की ड्रॉपडाऊन मुळात टाळावाच. पर्याय तीन-चार असतील तर रेडिओ बटणं समोर मांडावीत. हे मला पूर्ण मान्य आहे. होय-नाही विचारायला यादी उघडायला लावणं हा वापरणाऱ्याला त्रासच. पण ३६ जिल्ह्यांची रेडिओ बटणं पान भरून टाकतील. तिसरा आक्षेप वजनदार आहे. बेस-सिलेक्ट लावला की मोबाइलची स्वतःची निवडपट्टी जाते आणि यादी ब्राउझरच्या खिडकीबाहेर पसरू शकत नाही. अंगठ्याला सवयीची झालेली ती पट्टी मोडणं खरोखर तोट्याचं आहे. म्हणून नुसत्या नावांच्या यादीला मोबाइलवर हात लावू नये. जिथे चित्राने किंवा दुसऱ्या ओळीने निवड सोपी होते, तिथेच हे स्वातंत्र्य घ्यावं. मुभा मिळाली म्हणून प्रत्येक यादी नटवणं म्हणजे पुन्हा त्या प्रतिकृतींच्याच वाटेला जाणं.