एका बटणाचा कॅमेरा आणि भेडाघाट

जबलपूरला मावशीकडे जायचं ठरलं की आमच्या घरात आधी तिथल्या खव्याच्या जिलबीची आठवण निघते. या डिसेंबरात मात्र माझ्या डोक्यात वेगळंच काही होतं. काकांच्या स्वेटरांखाली त्यांचा जुना कॅमेरा सापडल्याचं मावशीनं फोनवर सांगितलं होतं. "चालत असेल तर घेऊन जा बाई, माझ्या काय कामाचा?" असंही म्हणाली होती.

काका जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला होते. तसा मराठी माणसाचा या गावाशी संबंध जुना. १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. आजही इथल्या मराठी घरांतून हिंदीच्या वळणाचं गोड मराठी ऐकू येतं.

कॅमेरा निघाला ऑलिंपस पेन ईई. ही जपानी बनावट १९६१ सालची. मुठीत मावेल एवढा आकार आणि भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी काच. त्या काचेमागचं सेलेनियम उजेडावर वीज तयार करतं, त्यामुळे बॅटरी लागतच नाही. कॅमेरा चामडी कव्हरात, अंधारात राहिला म्हणूनच बहुधा अजून शाबूत होता. गंमत म्हणजे हा नेहमीच्याच रोलवर प्रत्येक फोटोला निम्मी जागा देतो. म्हणजे छत्तीसच्या रोलमध्ये चक्क बहात्तर फोटो! आणि कॅमेरा आडवा धरला की फोटो उभा येतो. पहिल्या दिवशी मी दर वेळी चुकत होते.

सुरुवात मदनमहालच्या टेकडीवर केली. तिथे एका खडकावर दुसरा प्रचंड खडक जेमतेम टेकलेला आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली कितीतरी घरं पडली, पण हा पठ्ठ्या हलला नाही. अंगठ्यानं चाक फिरवायचं, कर्रकर्र आवाज ऐकायचा आणि बटण दाबायचं. फोटो कसा आला ते बघायला मी सवयीनं कॅमेऱ्याची पाठ पाहिली. तिथे काय दिसणार, कप्पाळ! मावशी मात्र हसून बेजार झाली.

दुसऱ्या दिवशी भेडाघाटला निघालो. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर नर्मदा आधी धुवांधार धबधब्यात उडी घेते आणि मग संगमरवराच्या कड्यांमधून शांतपणे वाहते. १९६० च्या 'जिस देश में गंगा बहती है'मधलं एक गाणं इथलंच. पंचवटी घाटावर आम्ही नावेत बसलो. नावाडी वल्ही मारता मारता यमकं जुळवून कड्यांची वर्णनं करत होता. दोन्ही बाजूंना पांढरे, करडे, मधूनच पिवळसर दिसणारे उंच कडे. त्या अरुंद वाटेला उभी चौकट अगदी शोभत होती.

समोर बसलेल्या मावशीचा मी फोटो काढला आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. "आता तू माझा काढ."

"अगं, नको! बिघडला तर?"

मग हळूच म्हणाली, "ह्यांनी माझ्यासाठीच मागवला होता. म्हणाले, एकच बटण आहे, तुलाही जमेल. पण मी कधी हातच लावला नाही."

शेवटी तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं आणि दचकली. आत एक लाल पट्टी वर आली आणि बटण अडलं. "बघ, बिघडवला ना मी!" तिचा चेहरा एवढासा झाला.

उजेड कमी पडला की हा कॅमेरा लाल झेंडा दाखवतो आणि फोटो घेतच नाही. नाव तेव्हा कड्याच्या सावलीत होती. मी तिला समजावलं, तरी हात थरथरत होताच. वळणापुढे नाव उन्हात आली. "आता दाब," मी म्हटलं. टिक्!

आता रोल धुऊन देणारी दुकानं शोधावी लागतात. मी तो कुरियरनं मुंबईला पाठवला आणि पंधरा दिवसांनी फोटो आले. लॅबवाल्यानं शेजारशेजारचे दोन-दोन फोटो एकाच कागदावर छापले होते, मध्ये बारीक काळी रेघ. धुवांधारचे तुषार नुसते पांढरे धुकट आले होते आणि बरेच फोटो हललेले होते. पण एका कागदावर एका बाजूला मी काढलेली मावशी होती आणि दुसऱ्या बाजूला तिनं काढलेली मी. एकाच नावेत, समोरासमोर, दोघी हसताना. माझं कपाळ थोडं कापलं गेलं होतं, एवढंच.

तुम्ही गेलात तर पावसाळा टाळा, तेव्हा नावा बंद असतात. आणि असा कॅमेरा नेलात तर दुपारचं ऊन गाठा.

तो फोटो मी मावशीला पाठवला. लगेच तिचा फोन आला. "फोटो मिळाला. रोल आणखी मिळतो का गं? आणि हो, कॅमेरा परत पाठव."